बिनचूक लेखाची पंचाईत

"परीक्षकाच्या एका अभिप्रायावर विज्ञान उभं असतं," दातांच्या दवाखान्यात बसलेले म्हातारे प्राध्यापक बायकोला म्हणाले. नंबर पुकारणाऱ्या बाईंनी कान टवकारले.

"चार महिने उभंच आहे बिचारं, आता बसू द्या त्याला. तुमच्याकडे तपासायला दिलेल्या त्या शोधलेखासाठी मासिकाच्या संपादकांचं तिसरं पत्र आलंय. लेख छापून आल्याशिवाय लेखकाची नोकरी पक्की होत नाही म्हणे."

"पाच वेळा वाचला मी तो."

"मग?"

"एकही चूक सापडत नाही."

"अहो, मग तसं कळवा."

"नुसतं कौतुक केलं तर त्यांना वाटेल, वाचलाच नाही."

"म्हणून माझ्या स्वयंपाकाला चाळीस वर्षं 'ठीक आहे' म्हणता होय?"

"आमच्यात त्याला 'किरकोळ दुरुस्तीसह स्वीकार' म्हणतात."

"काय आवडलं आणि का, ते लिहा. वाचल्याचं आपोआप कळेल."

"त्याने फसलेला प्रयोगसुद्धा लेखात मांडलाय. मी माझे सगळे कपाटात दडवले."

"हेच लिहा."

"हेच?"

"शब्दन् शब्द."

"सर, तुमचा नंबर आला," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं थांबा. तुमच्याकडे पेन आहे का हो?"