बोर्ड कुणी आणला

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ होते. कारागिरानं त्यांचं मशीन उघडून पाहिलं.

"काका, यात बिघाड काहीच नाही."

"मग वेग का वाढत नव्हता? मुलगा तीन महिने खटपट करत होता."

"प्रोसेसर वेग वाढवता येणाराच आहे. पण या मदरबोर्डचा चिपसेट साधा आहे, तो वाढवूच देत नाही. कुणीही बसलं असतं तरी जमलं नसतं."

"कुणीही?"

"अगदी मीसुद्धा. बोर्ड त्यानंच निवडला का?"

"त्यानं दुसरा लिहून दिला होता. मला वाटलं, बोर्ड तो बोर्ड, त्यात काय एवढं. वर त्यालाच चारचौघांत म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं."

"होतं असं. बदलून देऊ बोर्ड?"

"नको. आता घरात वापरणारं कोणी नाही. दोष बोर्डाचा होता, एवढं मला लिहून द्या."

"अहो, फोन करून सांगा की त्याला."

"माझा फोन तो उचलत नाही. वर्ष झालं."

"...बरं. देतो लिहून. खाली दुकानाचा शिक्का मारू?"

"मारा. आणि बोर्ड बापानं आणला होता, हेही लिहा."