खंडोजीराव फौजदारांविषयी त्यांच्या आरोपीचे चार शब्द

अध्यक्ष महाराज, राधाक्का, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. जन्मभर या हातांनी छिन्नीच धरली. मघाशी अध्यक्षांनी मला विचारलं, "खंडोजीरावांचे तुम्ही कोण म्हणून सांगू?" मी म्हटलं, "आरोपी." बिचारे दचकलेच. पण खोटं काय सांगायचं? इथं कोणी त्यांचा भाऊ आहे, कोणी जावई, कोणी खात्यातला सोबती. मी दगडू. मी त्यांचा आरोपी.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी काल त्यांच्या पत्नीला, राधाक्कांना, विचारलं, "अक्का, सगळं बोलू का?" त्या म्हणाल्या, "बोललास तर सगळं बोल. अर्धं बोलायचं असेल तर घरी बस." त्यांच्या आज्ञेनं बोलतोय. कोणी खाकरू नका.

आम्ही बेळगावकडचे. जाती, पाटे, वरवंटे यांना टाकी लावायचा आमचा धंदा. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचा, तेव्हा त्यावर वाटण होतं. दारोदार फिरायचं, परसात बसायचं, दगड ठोकायचा. बेंगळुराजवळचं येलहंका तेव्हा गावच होतं. तळ्याकाठी आमची अकरा पालं. आणि आमच्या जमातीचं नाव गोऱ्या साहेबानं चोरांच्या यादीत घातलेलं. चोरी केली म्हणून नव्हे हो, जन्मलो म्हणून! रोज दिवेलागणीला आमच्या प्रत्येक बाप्यानं ठाण्यावर हजेरी द्यायची. माझ्या बापानं दिली, आज्यानं दिली.

मग स्वराज्य आलं. काही वर्षांनी सरकारनं तो कायदा मोडीत काढला. दिल्लीत काढला, बेंगळुरात काढला. येलहंक्याच्या ठाण्यात मात्र कोणी काढला नाही, कारण तिथं फौजदार होते खंडोजीराव. ते म्हणायचे, "कायदा बदलला असेल, रक्त बदलतं का?" आणि आमची हजेरी चालूच. आम्हाला कुठं वाचता येत होतं? साहेब म्हणाले या, आम्ही गेलो.

असं बोलायचे ते. माझ्या तोंडावर बोललेत. राधाक्का मान हलवतायत बघा.

नुसती हजेरी नव्हती. हजेरीला आला की ठाण्याचं अंगण झाड, पाणी भर. एकदा साहेब मला म्हणाले, "दगड्या, घरचा पाटा बोथट झालाय, चल." ठाण्यामागंच त्यांचं घर. मी परसात बसून पाट्याला टाकी लावली. राधाक्कांनी करवंटीत कॉफी दिली, वरून ओतून. मी प्यालो. काम संपेस्तोवर चांगलं अंधारून आलं होतं. साहेब स्वतः दारात खुर्ची टाकून बसले होते, माझ्यावर डोळा ठेवून.

आणि त्याच दिवशी, त्याच वेळी, गावातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरातनं सोन्याची मोहनमाळ गेली. घरची मंडळी देवळात गेली होती, तेवढ्या तासाभरात. आणि त्या घरच्या जात्याला सकाळी टाकी कोणी लावलेली? मी. झालं!

दुसऱ्या दिवशी मला उचलला. मी म्हटलं, "साहेब, मी तर तुमच्या परसात होतो. तुमच्या डोळ्यांसमोर." फाडकन् थोबाडीत बसली. काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "तू नसशील तर तुझ्यातलाच कोणी असेल. तुम्ही सगळे एकच. नाव सांग, नाहीतर तू जा आत." कुणाचं नाव सांगू? माझ्या भावाचं? मेव्हण्याचं? मी नाव दिलं नाही आणि माझ्यावर खटला भरला. मंडळी, मी कुठं होतो हे साऱ्या जगात ज्याला पक्कं ठाऊक, त्याच माणसानं माझ्यावर खटला भरला! आणि आपण काही गैर करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. पुढं मला ते म्हणाले, "दगडू, मी स्वतःला चोख समजत होतो रे. पाव आण्याची लाच कधी खाल्ली नाही." खरंच खाल्ली नाही. रोग दुसराच होता.

मी आत, आणि माझी गंगू पोटुशी. तिनं काय करावं? सकाळी जाऊन साहेबांच्या दारात बसली. रडली नाही, ओरडली नाही. राधाक्का बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तुमचा पाटा कोणी ठोकला?" आणि उठून गेली.

आता पुढचं मला अक्कांनीच सांगितलंय. दुपारी साहेब जेवायला बसले. ताटात भात आणि ताक. चटणी नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. अहो, बेंगळुरातल्या जुन्या मराठ्याच्या घरी चटणीशिवाय जेवण! चवथ्या दिवशी साहेब भडकले. अक्का म्हणाल्या, "पाट्याला हात लावायचा धीर होत नाही. ज्या वेळी तो माणूस हा पाटा ठोकत होता, त्याच वेळी तुम्ही त्याला चोर केलंत. मी कॉफी दिली त्याला. कोर्टात मला बोलावलं तर मी काय सांगू?" साहेब ताटावरून उठले. अक्का म्हणतात, परसात जाऊन त्या पाट्याकडं बघत उभे राहिले.

मग बेंगळुरात खटला उभा राहिला. मी पिंजऱ्यात. मला वाटलं, गेलो. गंगूला म्हटलं होतं, पोराचं नाव तूच ठेव. साहेब सरकारतर्फे साक्षीला आले, कडक गणवेश, पॉलिश केलेला पट्टा. सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपी त्या वेळी कुठे होता?" आणि साहेब म्हणाले, "माझ्या घरी."

वकील म्हणाला, "काय?"

साहेब म्हणाले, "माझ्या परसात होता. माझ्या घरचा पाटा फुकट ठोकत होता. हजेरीला आला होता. हजेरीचा कायदा रद्द झाला, हे मला माहीत होतं. तरी मी ती घेत होतो. हा माणूस चोर नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चूक माझी आहे."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. मी सुटलो. साहेबांच्या खांद्यावरचा तारा गेला. फौजदाराचा दफेदार, म्हणजे साधा हवालदार झाला, बदली झाली, खात्यातल्या लोकांनी तोंड फिरवलं. इथं बसलेल्या काहींनीही फिरवलं होतं. आज हार घेऊन आलात, बरं केलंत.

मोहनमाळ पुढं सापडली. व्यापाऱ्याच्या सख्ख्या मेव्हण्यानं चिकपेटेच्या बाजारात विकली होती. तो चोरीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला, तेव्हा साहेबांनी त्याला खुर्ची दिली होती, कॉफी मागवली होती. ते स्वतःच सांगायचे, "खुर्ची कुणाला आणि थप्पड कुणाला, हे मी तोंड बघून ठरवलं."

आता तुम्ही म्हणाल, झालं, माणूस सुधारला. छे! एवढं सोपं असतं का? साहेब निवृत्त होऊन इथं चामराजपेटेत राहायला आले, तेव्हा आमचं येणं-जाणं सुरू झालं. आमच्या पालांतल्या पोरांना ते ओसरीवर बसवून लिहायला शिकवायचे. माझी लेक शांता तिथंच शिकली, आता मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. तर एकदा मी बसलो होतो आणि साहेबांचा चष्मा सापडेना. शोधाशोध. मग एकदम थांबले. म्हणाले, "दगडू, माझी नजर आधी तुझ्या पिशवीकडं गेली रे. इतक्या वर्षांनी! ही घाण कधी जाणार?" चष्मा उशीखाली होता. मी म्हटलं, "अण्णा, नजर गेली, पण हात गेला नाही. आणि तुम्ही सांगितलंत. पूर्वी सांगितलं असतंत का?" त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा साहेब न म्हणता अण्णा म्हटलं.

असा माणूस होता. रोज स्वतःची झडती घेणारा. सांगा, आपल्यातले किती जण घेतात?

शेवटचं सांगतो आणि बसतो. गेल्या महिन्यात त्यांना इस्पितळात भेटलो. आवाज स्वल्पच उरला होता. म्हणाले, "दगडू, मला माफ केलंस का?" बापाची हजेरी आठवली, ती थोबाडीत आठवली, गंगू त्या दारात बसलेली आठवली. हो म्हणवेना. ते हसले. म्हणाले, "मनात नसेल तर म्हणू नकोस. खोटी साक्ष नको. सरी, असू दे, घाई नाही." पाचव्या दिवशी ते गेले.

मंडळी, तेव्हापासून मला झोप नाही. म्हणून शांताला घेऊन आज इथं आलो. अण्णांनी आपली चूक भर कोर्टात, चार लोकांत सांगितली. कोपऱ्यात बोलावून सांगितली नाही. मग माझं उत्तरही चार लोकांतच द्यायला पाहिजे.

अण्णा, केलं माफ. मनापासून केलं. उशीर झाला, एवढीच माझी चूक.

आता सगळे उभे राहा. राधाक्का, तुम्ही बसूनच राहा, गुडघे दुखतात तुमचे. दोन मिनिटं कोणी बोलू नका. आणि या दोन मिनिटांत ज्याला त्याला आपापला दगडू आठवला, तर उद्या सकाळी त्याच्या दारी जा.

अण्णा, नमस्कार.