वणीच्या गंगूबाईंची माळ

मला सावकारीण म्हणून चिडवता ना, मग माझी फजितीही ऐका. त्या वर्षी भुईमूग मातीमोल झाला होता आणि सोनं रोज चढत होतं. चैत्राच्या हळदीकुंकवाला मी आमच्याकडे गहाण असलेली पुतळ्यांची माळ घातली. माळ वणीच्या गंगूबाईंची. म्हटलं, त्या कशाला येतायत बघायला.

शेजारच्या काकूंनी विचारलं, “कुठे घडवलीस गं?”

मी म्हटलं, “माहेरची आहे.”

आणि दारात गंगूबाई. भावाकडून पैसे घेऊन माळ सोडवायला आलेल्या. ती सराफाला विकून पेरणीआधी बैलजोडी घ्यायची होती. मी घाईनं माळेवर पदर ओढला.

“माहेरची व्हय? लय शोभती वैनी,” म्हणाल्या, आणि बायकांत बसून निवांत कैरीची डाळ खाल्ली.

बायका गेल्यावर मी माळ काढून त्यांच्या हातात ठेवली. “चुकलं माझं. माझ्यापायी खोळंबलात. भाव उतरला तर?”

“सराफ दिवेलागणीपत्तुर बसतोय. चार बायांत तुमची शोभा करून मला बैल मिळनार व्हता का?”

पुरचुंडी सोडून त्यांनी पैसे मोजले, आणि एक रुपया पुन्हा कनवटीला लावला.

“हा कसला?”

“दोन वर्सं याज मी भरलं वैनी. आजचं भाडं तुमच्याकडं.”

दिलं मी. माहेरचा दागिना एका रुपयात पडला, म्हणजे स्वस्तच.