तेजरामची खोली, फकिराची मिशी

साकोलीच्या सलूनात माझा नंबर आला होता, पण हे दोघं शेजारी भांडत आत शिरले. मी म्हणलं, माही दाढी थांबू शकते.

"धनराज, वस्तरा काढ. तेजरामची मिशी उडवाची हाय."

"कायले, फकिराभाऊ?"

"पैज हरला. सांदवाडीत नातवाईले पोहाले टाकं बांधलं यानं. म्हणे, काठावर कपडे बदलाची खोली बी उठवतो, साऱ्या जुन्या सामानाची. एक बी वस्तू नवी लागली तं याची मिशी, नाही तं माही."

"नवं काय लागलं मले? दार धरणात गेलेल्या गावचं, टिना गोठ्याच्या, खिडकीले सायकलचं चाक."

"अन् काल खोलीच्या पूजेले नारळ फोडला, तो?"

"तो तं तूच आणला."

"शेजारी हावो ना. पण नारळ नवाच."

"आतून खवट निंघाला तो. थांब, तुह्या बायकोलेच फोन लावतो, स्पीकरवर... शकुनवहिनी, कालचा नारळ फकिराभाऊनं कुठून आणला?"

"आणते कायचा! मच्छी सोसायटीनं सत्कारात देल्ला होता, दिवाळीपासून देव्हाऱ्यात होता. मी म्हणलं नवा आना, तं म्हणे, नारळासाठी कोण साकोलीले जाते?"

"शकुन, फोन ठेव."

"काहून? कुठं हा तुमी?"

"साकोलीलेच हायेत, वहिनी. मिशी काढाले."

"काढा, वरणात बुडते ती."

फकिरा खुर्चीत बसला. आम्ही सारे जवळ सरकलो.

"अर्धी काढू का पुरी, भाऊ?"

"पुरी काढ. अन् केस इथंच जाळ, नाही तं हा नेऊन खोलीले ब्रश बनवन."