दोघांचं रक्त

१९७२ साली अकोल्याच्या दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर रक्त तपासायला आले होते. रांगेत मालनबाई, तिचा मुलगा गोरक्ष आणि सून साळू उभी होती.

“डाक्टर, हिच्याच रक्तात दोष निघाला न्हवं? नातू त्यानंच गेला. आता हिला माहेरी धाडते.”

“आजी, दोष आईबाप दोघांकडून आला तरच मुलाला हा आजार होतो. तुमच्या मुलाचं रक्त कुठं तपासलंय?”

“गड्यांनी रक्त दिलं की ताकद जाती.”

“अन् माझी गेलेली चालती व्हय, आत्याबाई? अवो धनी, करा हात पुढं!”

“साळे, लोक बघत्यात,” गोरक्ष म्हणाला.

“बघू द्या! माझ्यावर खापर फोडलं तवा बी बघत हुते.”

गोरक्षच्याही रक्तात तोच दोष निघाला. साळू माहेरी गेली, पण आपल्या पायांनी, आणि तिथं सुईण झाली. गोरक्षनं दुसरं लग्न केलं नाही. मालनबाई मरेपर्यंत डॉक्टरलाच शिव्या देत राहिली.