माझ्या मणक्यात काय टोचलंय?

...नाही, पण मणका कोणाचा? माझा! मग त्यात सुईतून काय गेलं, हे मला सांगायला यांच्या तोंडाला काय कुलूप लागलंय? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं ठाण्यात बातमीदारी केली. बंद दाराआडच्या बैठकीत कोण कोणावर खुर्ची घेऊन धावलं, ते चहा गार व्हायच्या आत मला कळायचं, आणि आज माझ्याच कमरेत काय आहे ते मला ठाऊक नाही!

झालं काय, मणक्यातली गादी झिजली. इतकी, की मोजेसुद्धा मला हेमा घालायची... बायको हो माझी! पत्रकार परिषदेत मी उभा राहून प्रश्न विचारायचो म्हणून पुढारी टरकायचे. अहो, मला बसताच येत नव्हतं! मग घोडबंदर रोडच्या एका हॉस्पिटलात प्रयोग निघाला. गादीत जिवंत पेशी टोचायच्या, की म्हणे गादी पुन्हा भरेल. पण पेशी अर्ध्याच लोकांना, बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी! आणि कोणाला काय, ते प्रयोग संपेपर्यंत गुपित. मी सही ठोकली. म्हटलं, सांगत नाहीत म्हणजे काय? काढतो की!

टोचणाऱ्या डॉक्टर कादंबरीबाईंनाच गाठलं. "काका, मलाही माहीत नाही हो." टोचलं तुम्हीच ना? "सिरिंज झाकलेली होती, काका." घ्या! मग हॉस्पिटलच्या कँटीनचा चांगदेव, माझा हुकमी सोर्स. तो म्हणतो, "साहेब, पुढचा महापौर कोण ते विचारा, हे नका विचारू." म्हणजे महापौर कळतो, आणि माझ्याच कमरेत काय आहे ते कळत नाही!

आणि कहर म्हणजे... कंबर दुखायची थांबली! परवा मोजे मी स्वतः घातले. हेमा बघतच राहिली. "अहो, वाकलात!" वाकलो, पण कशाने? पेशींनी की पाण्याने? "आता खोदत बसू नका. टोचलेलं नुसतं पाणीच निघालं आणि पुन्हा दुखायला लागलं, तर मोजे मी घालणार नाही, आधीच सांगते!" काय, धमकी देता प्रेसला?

आणि काल सकाळी बाईंचा फोन. "काका, प्रयोग संपला. आता सांगता येईल. सांगू?"

एक मोजा पायात, एक हातात, हेमा समोर... आणि ज्या उत्तरावर मी आयुष्यभर पुढाऱ्यांना सोलून काढलं, तेच माझ्या तोंडून निघालं हो...

"यावर आत्ता काही बोलणं उचित ठरणार नाही."