बिनतुपाचा डबा

—नाही नाही, दारातून परत जायचं नाही, डबे काय पळून चाललेत का? ये आत. चपला असू देत गं, इथे कोण बघतंय. तू रेवा ना, ऊर्मीच्या खोलीवरची? मोबाइलमध्ये फोटो पाहिलाय तुझा, फोटोत बारीक दिसतेस. बस. पंखा मोठा करते. तुमच्या सिरुसेरीहून इथे अंबत्तूरला यायचं म्हणजे दीड तासाचा रस्ता — आणि नुसते रिकामे डबे द्यायला आलीस? चारच्या चार? धुऊनपुसून? बरं. नातीला वळण चांगलं आहे म्हणायचं — स्वतः नाही आली, पण आजीचे डबे ठेवून नाही घेतले. कामात असेल. रविवारीही काम असतं ना तुम्हाला? असतंच. मी काही विचारत नाही.

हे बघ, झाकण काढते, वास घे. ही सोदी, नारळाच्या दुधातली पातळ भाजी. तुला नाही माहीत, तू नाशिकची, तिकडे कुठली सोदी! श्रीलंकेतली आहे, जाफन्याकडची. हे समोरचं दार दिसतंय ना, कुलूप लावलेलं — तिथे कामाक्षी राहायची, ती तिकडची. लढाईच्या दिवसांत बोटीतून आली, नेसती साडी आणि ताडाच्या पानांची ही टोपली, एवढ्यावर. मी साताऱ्याहून आलेली, आमचे हे इथून जवळच आवडी गावच्या कारखान्यात नोकरीला, मला तमिळ येईना, तिला मराठी — तीस वर्षं आम्ही दोघी नारळावरच बोललो बघ. आधी खवायचा, मग पिळायचा, पहिलं दाट दूध बाजूला, दुसरं पातळ. भाजी शिजवायची पातळ दुधात, दाट दूध अगदी शेवटी, आणि उकळी म्हणून येऊ द्यायची नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर. पहिल्यांदा मी खळखळून उकळलं, सगळं फाटलं, तर अशी ओरडली — अय्यो, जसं काय मी तिचं घरच पेटवलं! मग कितीतरी दिवसांनी कळलं, घर खरंच पेटवलं होतं कुणीतरी तिकडे. मला काय माहीत? मी हसले होते तेव्हा.

तर सांगत काय होते — तिच्या स्वयंपाकात दूध नाही, दही नाही, लोणी नाही. व्रत नाही, काही नाही, तसंच ते. वरण नारळाच्या दुधात, कोवळ्या फणसाची भाजी नारळाच्या दुधात, पिट्टू म्हणजे लाल तांदळाचं पीठ नि खोबरं, या टोपलीत वाफवायचं. तूप? तूप फक्त देवाच्या दिव्याला. मी म्हणायचे, अगं निदान पिट्टूवर तरी घाल चमचाभर. ती म्हणायची, नारळ आहे की, अजून काय पाहिजे? आणि गेल्या वर्षी ऊर्मी नोकरीला इकडे आली, त्याच्या आधी पुण्यात तिने जाहीर केलेलं — मी व्हीगन झाले, दुधातुपाला हात लावणार नाही. पुण्यात केवढा तमाशा! तिच्या आईने जेवण सोडलं, माझा मुलगा तर महिनाभर बोलला नाही तिच्याशी. मी? मी फोनवर म्हटलं, ये गं बाई, तुझं जेवण माझ्या घरी तीस वर्षांपासून तयार आहे! माझी कॉलर ताठ. दर रविवारी यायची. इथेच, तू बसलीस तिथे, मांडी घालून. डोळे मिटून खायची. म्हणायची, आजी, जगात हे एकच घर आहे जिथे मला विचारावं लागत नाही, यात काय घातलंय.

पाणी घे ना. घे.

तुला काय सांगितलंय तिने? — नको, असू दे, सांगू नकोस. एक चमचा. एकच चमचा गं. काय विष घातलं का मी? पोरगी वाळून काडी झालेली, गळ्याची हाडं दिसतात, रात्रंदिवस त्या कॉम्प्युटरपुढे — आणि मी तिला कोरडं वाढू? तुझी आजी वाढेल का? पिट्टूचं पीठ चोळताना घालायचे, दिसत नाही, नारळाच्या वासात वासही येत नाही. पण बरोबर दिलेला डबा तुमच्या फ्रिजमध्ये राहिला ना, तिथे थिजलं वरती, पिवळं, रवाळ. फोन आला. मी म्हटलं, अगं खोबरेल आहे ते, गारठ्यात थिजतंच. खोबरेल पांढरं थिजतं — तिलाही माहीत, मलाही माहीत. मग म्हणाली, आजी, कधीपासून? मी म्हटलं, याच वेळी, चुकून. तेही खोटं. पहिल्या रविवारपासून. अकरा महिने. ती डोळे मिटून खायची आणि मी समोर बसून बघायचे — मला केवढं बरं वाटायचं!

तिचे आजोबा गेले ना, शेवटचे चार महिने डॉक्टरांनी तूप बंद केलं होतं. आणि मी मोठी शहाणी, डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. ते म्हणायचे, चारू, भातावर थोडं तूप घाल गं. कधी काही मागितलं नाही हो त्या माणसाने. मी म्हणायचे, बरे व्हा, मग घालते. कोरडा भात वाढला चार महिने. तेव्हापासून हात माझा ऐकत नाही. हे तिला नाही सांगितलं मी — कशाला? मेलेल्या माणसाच्या आडून माफी मागायची? आणि आता कामाक्षीलाही तिचा मुलगा कॅनडाला घेऊन गेला. सोमवार ते शनिवार मी काय करते सांगू? रविवारची तयारी. शुक्रवारी बाजारात नारळ कानाशी हलवून बघते, पाणी बोलतंय का. सहा रविवार झाले, ती आलेली नाही. सोदी केली, दुपारी एकटीने खाल्ली. चांगली होते गं, पण एकटीने खायचा पदार्थ नाही तो.

घड्याळ काय बघतेस? उन्हात थांबली आहे म्हणून? — अगं, मघाशीच पाहिलं मी बाल्कनीतून. गेटापाशी, स्कूटरवर, डोक्यावर हेल्मेट तसंच. नातीची पाठ ओळखणार नाही का मी? खाली येऊन वर येत नाही. दोन जिने. ठीक आहे. मी पण नाही जायची खाली, माझे गुडघे — गुडघ्यांचं काही नाही, मलाच तोंड नाही.

हा घे, तिचा डबा भरून ठेवलाय सकाळीच. खाली सोदी, मध्ये फणस, वर पिट्टू. तिला म्हणावं — काय? अशी काय बघतेस? आजचं? आजचं अगदी साफ आहे. तूप नाही की काही नाही. देवाची —

नको. देवाला कशाला मधे घेऊ.

दे इकडे तो डबा. दे म्हणते ना! पिट्टूत आहे. सकाळी पीठ चोळत होते, रेडिओ चालू होता, तिचाच विचार चाललेला — वाळली असेल, म्हटलं — आणि बघते तर चमचा रिकामा. सहा आठवडे रडून, आजच्या दिवशीसुद्धा. मग म्हटलं, जाऊ दे, कुणाला कळतंय. असं म्हटलं मी मनात. ऐकतेस ना? ही अशी आहे तिची आजी.

थांब. हा नारळ ने. अख्खा आहे, फोडलेला नाही, शेंडीसुद्धा तशीच आहे. यात मला काही घालता येत नाही. आणि ही टोपली ने कामाक्षीची — करेल तिची ती, सांगितलंय मी तिला सगळं, दाट दूध शेवटी. डबा का नाही दिला विचारलं तर खरं सांग. जसं मी सांगितलं तसं, एक शब्द कमी करू नकोस.

आता बसू नकोस. ऊठ. ऊन चढलंय, हेल्मेटमध्ये डोकं शिजेल तिचं. जा बाई, जा — आणि दार लोटू नकोस, उघडंच राहू दे.